एका बैलाच्या पाच पिशव्या

वर्नाच्या पायाला बुधवारी सकाळी जी भिंगरी लागली ती शुक्रवारी दुपारपर्यंत सुटली नाही. तसं पाहिलं तर ती शिकारी मंडळाच्या कचेरीत बसून काम करणारी बाई. बावन्न वर्षांची, गुडघ्यांनी कुरकुरणारी, खुर्चीवर स्वतः विणलेली उशी ठेवणारी. पण दक्षिणेतून हेलेनाचा फोन आला आणि त्या उशीवर तिला दोन मिनिटंसुद्धा टेकवेना.

हेलेना ही जनावरांची डॉक्टर. दर उन्हाळ्यात उत्तरेच्या या बर्फाळ बेटावर यायची, डासांनी फोडलेलं तोंड घेऊन परत जायची, आणि उरलेलं वर्ष तिकडच्या प्रयोगशाळेत बसून इथल्या कस्तुरीबैलांची हाडं आणि रक्त तपासायची. बेटावर गेली काही वर्षं बैल मरत होते. ऐन गवताच्या दिवसांत, अंगावर जखम नाही, लांडग्याच्या दातांची खूण नाही, उभे होते तिथेच आडवे. जंतू होता कुठला तरी. म्हणून शिकारीला निघणाऱ्या प्रत्येकाला मंडळाकडून एक पिशवी मिळायची. बैलाच्या रक्तात भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या, मागच्या डाव्या पायाची नळी, मूठभर केस आणि थोडं शेण, एवढं त्या पिशवीत भरून कचेरीच्या फ्रीजरमध्ये आणून टाकायचं. बदल्यात एक लोकरी टोपी, वर बैलाचं चित्र. ज्यांच्या दारातल्या झुडपांना याच बैलांची, जगातली सगळ्यांत उबदार लोकर अडकून लोंबत असते, त्यांना कारखान्यातली टोपी. लोक ती घ्यायचे आणि कुत्र्याच्या पिल्लांना अंथरायचे.

या हिवाळ्यात अकरा पिशव्या जमल्या. कुणी पिशवी आणली की वर्ना विचारायची, "बैल कुणाचा?" मिळेल ते नाव वहीत लिहायची, नावापुढे नंबर टाकायची आणि पिशवीवर फक्त नंबर. नावं वहीबाहेर जायची नाहीत, असं मंडळाने हेलेनाकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.

"बातमी बरी नाही," हेलेना म्हणाली. "अकरातल्या पाचांत जंतू सापडला."

पाच म्हणजे जवळपास निम्मे. पण हेलेनाचं बोलणं अजून संपलं नव्हतं. त्या पाच बैलांची जनुकं तिने तपासली होती आणि त्यांच्यात कणभरही फरक नव्हता. कस्तुरीबैल मुळातच एकमेकांसारखे, हे वर्नाला ठाऊक होतं. कधीकाळी वाईट दिवसांतून मूठभर जनावरं वाचली, आज दिसतात ती सगळी त्यांचीच पिलावळ, असं हेलेनाने शाळेच्या हॉलमध्ये एकदा समजावून सांगितलं होतं. त्यामुळे जो रोग एकाला लोळवतो तो बाकीच्यांनाही लोळवू शकतो, कारण एकाकडे नाही ते दुसऱ्याकडेही नाही. पण सख्ख्या भावंडांतही थोडाफार फरक असतोच. या पाचांत तेवढाही नव्हता.

"मग दोनच गोष्टी होऊ शकतात," हेलेना म्हणाली. "एक तर पूर्वेच्या खाडीतला कळप इतका एकसारखा झालाय की माझ्या यंत्राला त्यांच्यातला फरक कळेनासा झालाय. तसं असेल तर तो कळप गेलाच म्हणून समज. नाही तर..." ती जरा घुटमळली. "नाही तर कुणीतरी एकच बैल पाच पिशव्यांत भरलाय."

हे ती इतक्या हळू बोलली की वर्नाला चोरीचा आळ घेतल्यासारखं वाटलं. आणि घेतलाच होता म्हणा.

शुक्रवारी दोन वाजता वन्यजीव खात्याची मंडळाबरोबर फोनवर बैठक होती. अकरात पाच हा आकडा तसाच राहिला तर पूर्वेच्या खाडीतली शिकार बंद होणार होती, हा वसंत आणि पुढचं सगळं वर्ष. कॅरिबू हरणांची शिकार आधीच दोन वर्षं बंद. म्हणजे मग उरलं काय, तर दुकानातली कोंबडी, विमानातून थकूनभागून आलेली, निळी पडलेली. वर्नाची लेक दिना सहा महिन्यांची गरोदर होती. तिला त्या कोंबडीच्या वासानेच उलटी व्हायची आणि फ्रीजरमध्ये बैलाच्या मांसाची शेवटची काही पाकिटं राहिली होती. जावई खाणीवर, तीन आठवडे इकडे, तीन आठवडे तिकडे. मे महिन्यात खाडीवर जायचं, एक बैल आणायचा, बाळंतपणापर्यंतची सोय करायची, असं वर्नाने मनाशी पक्कं ठरवलं होतं. आता खाडी बंद म्हणजे तिची चूलच बंद.

"कुठले नंबर?" तिने विचारलं.

"तीन ते सात."

तिने वही उघडली. तीन, इगुताक. चार, क्लेमंट. पाच, बेसी. सहा, वॉल्टर. सात, आयझॅक. पाच वेगळी नावं, पाच वेगळी घरं. पहिलं नाव तिच्या वडिलांचं. आप्पांचं नाव त्या यादीत बघून तिला उलट बरंच वाटलं. वस्तीत कुणीही खोटं बोलेल, अगदी पाद्रीसुद्धा, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या माणसाने टोपीसाठी लबाडी केली असं त्यांचा वैरीही म्हणाला नसता.

म्हणून ती आधी क्लेमंटकडे गेली. एप्रिलचा शेवट, ऊन डोळ्यांत सुया टोचल्यासारखं, वारा मात्र अजून माघातलाच. बर्फावरची स्किडू गाडी दारात उभी करून ती आत शिरली. क्लेमंट टीव्हीवर हॉकी बघत होता. त्याच्या बायकोने चहा ओतला, तळलेली जाड भाकर पुढे केली. रीतीप्रमाणे वर्नाने आधी वाऱ्याबद्दल, मग कुत्र्यांबद्दल, मग त्याच्या कंबरेबद्दल बोलायला हवं होतं. तेवढा धीर तिच्यात नव्हता. तिने थेट विचारलं, चार नंबरच्या पिशवीतला बैल कुणाचा.

"माझा," क्लेमंट म्हणाला.

कुठला? पूर्वेच्या खाडीतला. कधीचा? मार्चमधला, त्या मोठ्या वाऱ्यानंतरचा. बरोबर कोण होतं, असं विचारल्यावर क्लेमंटने टीव्हीचा आवाज वाढवला. असं फाडफाड विचारणं म्हणजे माणसाला खोटारडा म्हणणंच, आणि वर्नाला ते कळत होतं. पण कळून थांबता येईल अशी ती वेळ नव्हती. वॉल्टरकडेही तेच झालं. बैल माझा, खाडीतला, मोठ्या वाऱ्यानंतरचा. आयझॅक घरी नव्हता, त्याच्या मुलीने दारातूनच सांगितलं, बाबांचाच. तिघांचा बैल एकाच खाडीतला, एकाच आठवड्यातला, आणि तिघांनाही त्याबद्दल बोलायची हौस नाही. वर्नाचं डोकं भणभणायला लागलं. तिला वाटलं, हेलेनाचं खरं दिसतंय. चौघांनी संगनमत केलं, आणि वर आप्पांनाही गोवलं.

बेसीच्या दारात पोचेस्तोवर तिचा पारा चढला होता. बेसी सत्तरीची विधवा. नवरा गेल्यापासून तिने बंदुकीला हात लावलेला नव्हता. पिशवी तिच्या पुतण्याने आणून टाकली होती. म्हाताऱ्या बाईच्या नावावर शिकार लावणं काही नवं नव्हतं, म्हणून वर्नाने तेव्हा विचार केला नाही. बेसी जमिनीवर बसून कातडं खरवडत होती.

"बेसीमावशी, पाच नंबरचा बैल कुणाचा?"

"माझा."

"तुम्ही मारलात?"

"मी मारला असं कोण म्हणालं?" बेसीने हातातली पाती थांबवली नाही. "तू काय विचारलंस? बैल कुणाचा. बैल माझा. मान माझी ना? मानेशिवाय बैल असतो का कुठे? डोकं काय हवेत तरंगतं?"

"कुणी दिली मान?"

आता मात्र बेसीने पाती खाली ठेवली आणि वर्नाकडे असं बघितलं की जणू ती बापाचं नाव विसरली आहे. "तुला नाही माहीत? त्याच बापाच्या घरात वाढलीस ना तू?"

वर्ना बाहेर आली आणि स्किडूवर तशीच बसून राहिली. चावी हातात, इंजिन बंद.

आप्पा लहान असताना माणसं हिवाळाभर समुद्राच्या बर्फावर राहायची. पोरगा शिकारीला लागायच्या आधीच त्याची आई त्याचे वाटेकरी ठरवून टाकायची. सील मारला की मागचा भाग अमक्याचा, मान तमक्याची, बरगड्या आणखी कुणाच्या. ज्याचा जो वाटा त्याच नावाने त्याला हाक मारायची. वाटेकरी मेला तर वाटा त्याच्या घरात राहायचा. बाकी सगळ्यांनी ते कधीच सोडलं, आता जो तो आपला फ्रीजर भरतो. आप्पांनी तेवढं सोडलं नाही. सील कमी झाले, घरं लाकडाची झाली, तर त्यांनी बैलाचे वाटे पाडले. क्लेमंट अजून त्यांची 'मांडी' होता, वॉल्टर 'बरगडी'. दुकानात भेटले की आप्पा ओरडायचे, काय रे मांडी, दिसत नाहीस आजकाल. पोरंसोरं हसायची. चौघं मात्र हसायचे नाहीत.

एकदा वाटा हातात ठेवला की तो बैल देणाऱ्याचा राहत नाही. ज्याच्या हातात जो भाग, त्याचा तो बैल. आप्पांना मंडळाने पाच पिशव्या दिल्या होत्या, पट्टीचा शिकारी म्हणून. त्यांनी एक ठेवली आणि उरलेल्या चार चार वाट्यांबरोबर देऊन टाकल्या. सगळ्या स्वतःच भरणं म्हणजे दुसऱ्याच्या बैलावर हक्क सांगणं. आणि मंडळाच्या खिडकीत बसलेल्या या बाईने प्रत्येकाला काय विचारलं होतं? बैल कुणाचा. कुणीही खोटं बोललं नव्हतं.

तिला आठवलं, एका पिशवीत नळीऐवजी बरगडीचं हाड होतं. एकीत नुसता मानेचा तुकडा. तिने उघडून बघायला हवं होतं. पण फ्रीजरपाशी बोटं गारठली होती, विमानाची वेळ झाली होती, तिने सगळं खोक्यात कोंबलं होतं. चूक झालीच होती, आणि ती तिची होती.

मग तिच्या जिवात जीव आला. पाच बैल नाहीत, एक बैल. अकरा नाहीत, सात. सातात एक आजारी, एवढ्यावर कुणी खाडी बंद करणार नाही. ती मोठ्याने हसलीसुद्धा. स्किडू सुरू केली आणि शंभर पावलं जाईपर्यंत ते हसू विरून गेलं. एकच बैल होता, आणि तो आजारी होता, आणि तो जंतू कापलेल्या हातातून माणसातही शिरतो. तो चार घरांत वाटला गेला होता आणि सोलला होता आप्पांनी.

आप्पांचं घर तिच्या घराला लागूनच. तरी गेले आठ-दहा दिवस ते जेवायला आले नव्हते. सर्दी आहे, दिनाला लागेल, असा निरोप पाठवायचे. वर्ना आत गेली तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. घरात चूल ढणढणत असूनही उजव्या हातात जाड हातमोजा.

"हात दाखवा, आप्पा."

त्यांनी दाखवला नाही. तिने मोजा ओढून काढला. मधलं बोट जांभळं, चमकणारं, दुप्पट झालेलं, आणि सूज तळव्यापर्यंत उतरलेली. सोलताना सुरी निसटली होती, ते म्हणाले, एवढंसंच कापलं होतं, बुजत आलेलं पुन्हा सुजलं. बरं होईल. नर्सकडे गेलं की ती विचारते, कशाने झालं. मग सांगावं लागतं.

"सांगायला काय झालं?"

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, बाहेरचं त्यांना किती दिसत होतं कुणास ठाऊक. मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, वर्नाकडे न बघता. मार्चमध्ये खाडीवर गेले तेव्हाच त्यांना कळलं होतं की आता बंदुकीचं टोक दिसत नाही. कळप समोर होता, नेहमीसारखा गोल करून, शिंगं बाहेर. त्यांना नुसता काळा ढीग दिसत होता. ते परत फिरणार होते. मनात म्हणत होते, संपलं आपलं. तेवढ्यात त्या ढिगातून एक सुटला. सावकाश चालत त्यांच्याकडे आला, वीस पावलांवर, आणि गुडघे टेकून बसला.

"इतका जवळ, की मलाही दिसावा," आप्पा म्हणाले. "साठ वर्षांत असं झालं नव्हतं. मला वाटलं, ह्याला माझे डोळे ठाऊक आहेत. शेवटचा म्हणून आला. असा आपण होऊन आलेला, आणि त्याला मी आता नावं ठेवू? कोणत्या तोंडाने?"

वर्नाला पुढचं बोलवत नव्हतं. आपल्या बापाच्या हातातून कुणी काही हिसकावून घेऊ नये, आणि हे तर आपणच हिसकावायचं. तिला हेलेनाचा राग आला, त्या पिशव्यांचा आला, खाडीचाही आला. पण चार घरांत ते मांस होतं.

"आप्पा, तो आजारी होता. म्हणून कळपातून सुटला. त्याला पळवत नव्हतं."

ते हात मांडीवर उलटा ठेवून बोटाकडे बघत बसले.

"चौघांनी खाल्ला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"खाल्ला असणार."

आप्पा उठले आणि एका हाताने कोट चढवायला लागले. वर्ना मदतीला गेली तर त्यांनी तिला झटकलं. मग तिच्या मागे स्किडूवर बसून ते चारही दारांत गेले. प्रत्येक दारात त्यांनी एकच वाक्य सांगितलं, मी दिला तो चांगला नव्हता, उरला असेल तर जाळा आणि हात नर्सला दाखवा. क्लेमंटच्या मनगटावर तसाच जांभळा डाग निघाला. बाकीच्यांनी शिजवून खाल्लं होतं, त्यांना काही झालं नव्हतं. नर्सने आप्पांना इंजेक्शन दिलं, बोट चिरून बांधलं, गोळ्या दिल्या. हृदयाला लागलं असतं म्हणाली, अजून आठवडाभर मोज्यात लपवलं असतं तर. कुणीही आप्पांना एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर त्यांना सोपं गेलं असतं.

गुरुवारी वर्नाने हेलेनाला फोन करून सगळं सांगितलं. वाटेकरी, मांडी, मान, बरगडी. पलीकडे हेलेना इतकी हसली की वर्नालाही हसू फुटलं.

"आमच्या कागदावर त्याला रकाना नव्हता," हेलेना म्हणाली. "चूक आमचीही आहे. सातात एक. उद्या मी खात्याला हेच सांगते. खाडी उघडी राहील."

वर्ना खुर्चीवर बसली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला ती उशी मऊ लागली.

"आणि ऐक," हेलेनाचा आवाज चढला होता, लहान पोरीला शिंपला सापडावा तसा. "ते पाच बाजूला केल्यावर मला बाकीचे सहा नीट बघता आले. पाच नेहमीसारखे, एकाच छापाचे. पण नऊ नंबर वेगळा आहे. त्याला हा रोग होऊन गेला होता, वर्ना. होऊन गेला आणि तो उठला. त्याच्या रक्तात रोगाशी लढल्याच्या खुणा आहेत. आणि जनुकांत एक तुकडा असा आहे जो मला या बेटावर दुसऱ्या कुणात दिसला नाही. त्याच्यामुळेच वाचला, असं आज छातीठोक सांगता येणार नाही. पण कळप जर तरणार असेल तर अशांच्याच जिवावर. कसा होता गं दिसायला?"

"लठ्ठ होता," वर्ना म्हणाली. मग घाईने, "असं ऐकलं."

"असणारच. हे सगळं जूनमधल्या अहवालात येईल. उद्या काही गरज नाही, उद्या फक्त आकडा."

फोन ठेवल्यावर वर्नाने वही उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. नऊ नंबर तिचा होता.

फेब्रुवारीत खाडीवर तिने तो स्वतः मारला होता, पिशवी कचेरीत न्यायला मात्र मार्चअखेर उजाडली होती. चौदा जनावरांचा कळप होता आणि ती अर्धा तास दुर्बीण लावून पोटावर पडून राहिली होती, सगळ्यांत धष्टपुष्ट कोण ते बघायला. शहाणा शिकारी तेच करतो. रोड जनावर सोडून द्यायचं, आजारी वाटलं तर हात लावायचा नाही, भरलेलं उचलायचं. तिला आप्पांनीच शिकवलं होतं. तिच्या घरात स्वतःचा बैल होता म्हणून तर आप्पांनी या वेळी तिच्याकडे वाटा पाठवला नव्हता, आणि दिना वाचली होती. त्या बैलाची चरबी दिनाने चाटून पुसून खाल्ली होती. पोटातलं मूल त्याच्यावर पोसलं होतं.

त्या संध्याकाळी तिने घर झाडलं, मग पुन्हा झाडलं. फ्रीजर रिकामा करून धुतला, त्यात नऊ नंबरची दोन पाकिटं उरली होती. दिना म्हणाली, आई, एका जागी बस की, मला घेरी येते तुझ्याकडे बघून. वर्ना बसली आणि लगेच उठली. कुणाला काही कळणार नव्हतं. नाव फक्त वहीत, वही तिच्या खणात. अहवाल जूनमध्ये येणार, तोवर मेमधली शिकार उरकलेली असणार, तिचा फ्रीजर भरलेला, दिनाची बाळंतपणापर्यंतची सोय झालेली. आणि मेमध्ये सगळे काय करतील? दुर्बीण लावून पोटावर पडतील. सगळ्यांत धष्टपुष्ट कोण ते बघतील. जे रोगातून उठले आहेत ते आपल्याला सापडतील, आणि जे उद्या मरणार आहेत ते आपण सोडून देऊ. ती स्वतःवरच चिडली. एका बैलाच्या तुकड्यावरून एवढा विचार कशाला, डॉक्टरसुद्धा छातीठोक सांगत नाही म्हणते. मग तिने चुलीवरची किटली घासायला घेतली.

शुक्रवारी दोन वाजता मंडळाच्या खोलीत नऊ मतदार सदस्य जमले, त्यांत आप्पा, बेसी, क्लेमंट आणि वॉल्टरही, आणि भिंतीला टेकून वस्तीतले आणखी पंधरा-वीस. टेबलाच्या मध्यभागी फोनचा डबा, त्यातून खात्याचा साहेब आणि हेलेना. अध्यक्ष रोलंडने बैठक सुरू केली. वर्नाही सदस्य होती, शिवाय टिपण तिनेच लिहायचं. ती कोपऱ्यात पेन्सिल घेऊन बसली.

हेलेनाने आकडा सांगायच्या आधीच आप्पा उभे राहिले. बांधलेला हात छातीशी धरलेला. जुने सदस्य होते ते, आणि असं उभं राहून सहसा बोलत नसत.

"पाच पिशव्या एकाच बैलाच्या," ते म्हणाले. "बैल मी मारला. तो आजारी होता आणि मला ते ओळखता आलं नाही. माझे डोळे गेलेत. माझ्या वाटेकऱ्यांनी काही वाईट केलेलं नाही, मी दिलं ते त्यांनी घेतलं. यापुढे मी बंदूक उचलणार नाही."

ते बसले. क्लेमंट स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. बेसी सरकून आप्पांच्या शेजारी येऊन बसली. वर्नाचे डोळे भरून आले, पण लिहायचं होतं म्हणून तिने लिहिलं.

डब्यातून साहेबाचा आवाज आला. त्याने आभार मानले. डॉक्टरांशी बोलणं झालंय, सातात एक हा आकडा काळजीचा नाही, खातं खाडी बंद करा म्हणणार नाही. शेवटचा निर्णय मंडळाचा, पण आमच्याकडून हरकत नाही. खोलीभर सुटकेचे श्वास ऐकू आले. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी मेमध्ये कुठल्या वाटेने जायचं ते बोलायलाही लागलं. रोलंड म्हणाला, मग ठरलं तर, उघडी.

वर्नाने 'उघडी' हा शब्द लिहायला घेतला. पहिलं अक्षर लिहिलं आणि पेन्सिल पुढे जाईना. समोर आप्पा होते, सगळ्या वस्तीसमोर आपल्या डोळ्यांचं सांगून बसलेले, थकलेले. तिने त्यांचा कबुलीजबाब स्वतःच्या हाताने लिहून घेतला होता. स्वतःचं तेवढं खणात ठेवलं होतं.

"थांब, रोलंड," ती म्हणाली. "नऊ नंबरचं सांगायचं राहिलंय."

डब्यातून हेलेना काहीतरी म्हणायला लागली, वर्ना बोलतच राहिली. तिने साध्या शब्दांत सांगितलं. रोग होऊन उठलेला बैल. बाकीच्यांकडे नाही असं काहीतरी रक्तात घेऊन फिरणारा. असे आणखी किती आहेत ते कुणालाच ठाऊक नाही, आणि बाहेरून बघून ते ओळखता येत नाहीत. एवढंच दिसतं की जनावर भरलेलं आहे.

"तो मी मारला," ती म्हणाली. "फेब्रुवारीत. चौदातून निवडून."

आप्पांनी मान वर केली.

"पाठीवर चरबी किती होती?" त्यांनी विचारलं.

"तीन बोटं."

तीन बोटं म्हणजे काय ते तिथे सगळ्यांना कळत होतं. या वर्षी कुणालाच दोनच्या वर मिळाली नव्हती. वॉल्टर हळूच म्हणाला, मीही तसाच शोधणार होतो. भिंतीपाशी एक जण वैतागून म्हणाला, म्हणजे आता आम्ही काय रोडके मारायचे, पण रोडके मारून काय होतं ते आप्पांच्या हाताला बांधलेलं समोर दिसत होतं.

रोलंडने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग म्हणाला, मत घेऊ. बंद करायची असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा.

आधी आप्पांनी आपला बांधलेला हात वर केला. मग बेसीने. क्लेमंटने बायकोकडे बघितलं, ती जमिनीकडे बघत होती, आणि त्याने हात वर केला. मग वॉल्टर. चार झाले. पाचवा लागत होता. वर्नाच्या डोळ्यांसमोर धुऊन पुसून ठेवलेला फ्रीजर आला, त्यातली दोन पाकिटं आली, दिनाचं तोंड आलं. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि हात वर केला.

वारा पत्र्यावर वाजत होता.

"हॅलो?" डब्यातून साहेबाचा आवाज आला. "हॅलो, ऐकू येतंय का? काय ठरलं? इकडे आम्हाला काहीच कळत नाहीये."

रोलंडने डब्याकडे बघितलं, मग वर्नाकडे. फोनवर बोलायचं काम तिचंच होतं. ती उठून टेबलापाशी गेली.

"बंद," ती म्हणाली. "खाडी बंद."